झडप बसवल्यानंतर

९ जानेवारी १९८०, बुधवार

मशीन शॉपमधला कोंडीराम आज माझ्या टूल स्टोअरच्या खिडकीशी येऊन नुसताच उभा राहिला. ड्रिल हवं असलं की माणूस आधी पितळी बिल्ला पुढे करतो. याने दोन्ही हात खिशात ठेवले होते, म्हणजे बोलायचं होतं.

प्रेस शॉपमधल्या ज्योतीरामच्या बायकोची हृदयाची झडप खराब झाली आहे. मुंबईच्या डॉक्टरांनी नवी बसवायला सांगितलं आहे. ती तयार होत नाही.

"उद्या सुट्टीचं घेऊन येतो तिला," कोंडीराम म्हणाला.

"मी काय डॉक्टर आहे?"

"तुला दाखवायचंय रे. बघ म्हणावं, हे आमचं चालतं-बोलतं मढं."

हे नेहमीचं आहे. भोसरीहून, चिंचवडहून, एकदा तळेगावहूनही लोक आले. मी सदऱ्याची बटणं काढतो. छातीवरचा व्रण दाखवतो, झडपेचा आवाज ऐकवतो, रोज कामावर जातो असं सांगतो. ते बघतात, चहा पितात आणि जातात. त्यांतल्या कुणाचं पुढे काय झालं ते मी विचारत नाही. त्यांनीही कधी कळवलेलं नाही.

माझं ऑपरेशन बहात्तर साली झालं. त्या दिवशी मशीन शॉपमधले माझ्यासारखेच बी रक्तगटाचे आठ जण कंपनीच्या बसने मुंबईला आले आणि त्यांनी रक्त दिलं. तेव्हापासून मी थोडा त्यांच्याही मालकीचा आहे. मी विडी ओढली तर कुणीतरी ती तोंडातून काढून घेतो. "त्यात एक बाटली माझी आहे, धूर घालू नको," असं कोंडीराम म्हणतो. त्याच्या घरी पूर्वी आम्हाला चहा वेगळ्या कपात मिळायचा. बहात्तरनंतर तो कप कुठे गेला ते माहीत नाही. त्यावर आम्ही दोघं कधी बोललो नाही.

१० जानेवारी, गुरुवार

ज्योतीरामची बायको, शालनबाई आली. चाकणच्या पलीकडच्या गावची आहे. वय तिशीच्या आतलं, ओठ निळसर. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. तिला घ्यायला मी खाली गेलो. जिन्यात ती प्रत्येक वळणावर थांबत होती. तिला संकोच वाटू नये म्हणून मीही थांबलो.

घरात येताच तिने नवऱ्याला गॅलरीत पाठवलं. "तुमी तिकडं उभं ऱ्हावा. मला इचारू द्या."

मी बटणांना हात घातला. ती म्हणाली, "व्रण ऱ्हाऊ द्या, भाऊ. माज्या जावेचा सिझरचा पाह्यलाय. वाजतं म्हणं तुमचं?"

"ऐका."

तिने मान जरा पुढे केली. टक, टक. पिंजऱ्यात बसवलेला छोटा चेंडू आहे, तो वरखाली होतो, असं मी समजावलं. ती बराच वेळ ऐकत राहिली.

"घड्याळागत हाय. झोप लागती का?"

"लागते की."

"त्यांना लागते," माझी बायको सुभद्रा स्वयंपाकघरातून म्हणाली.

"आन तुमच्यासंगट आणखी कुनाची झाली व्हती?"

वॉर्डात आम्ही पाच जण होतो. पहिली दोन-तीन वर्षं तपासणीला मुंबईत भेट व्हायची. मग एकेक जण दिसेनासा झाला. प्रत्येकाला तपासणीची वेगळी तारीख देतात, तारखा बदलल्या असतील, असं मी सांगितलं.

"तारखा बदलल्या," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघत राहिली.

मला त्या पाचांमधले अलिबागचे मास्तर आठवले. त्यांच्याजवळ वर्तमानपत्राचं एक कात्रण होतं. आफ्रिकेत एका माणसाला मेलेल्या माणसाचं हृदय बसवलं त्याचं. ते आम्हाला वाचून दाखवायचे. आम्ही वाद घालायचो, की त्या माणसाला आता आपली बायको आवडेल की त्या दुसऱ्याची. हसलं की टाके दुखायचे. बसवल्याची बातमी सगळ्या जगात गेली. तो नंतर कामावर गेला का, जिना कसा चढला, घरात काय बोलला, हे मात्र कुठे वाचायला मिळालं नाही. शालनबाईला मी हे सांगितलं नाही. तिला धीर द्यायचा होता.

जाताना ती म्हणाली, "बघू." ज्योतीराम म्हणाला, पहिल्यांदाच 'नको' सोडून दुसरं काही बोलली.

२३ जानेवारी, बुधवार

पुण्याला डॉक्टरांकडे गेलो. रक्ताची तपासणी ठीक आली. ते दर वेळी सांगतात तेच त्यांनी सांगितलं. रक्त पातळ ठेवणारी गोळी एक दिवसही चुकवायची नाही. रक्त घट्ट झालं की झडपेवर साका धरतो आणि चेंडू अडकतो.

निघताना सहज विचारलं, मला कुणाला रक्त देता येईल का. डॉक्टर हसले. "तुमच्या रक्तात औषध आहे, साहेबराव. ते दुसऱ्याला कसं द्यायचं? आता तुम्ही घेणाऱ्यांतले, देणाऱ्यांतले नाही."

बाहेर रांग होती. सविस्तर विचारता आलं नाही.

३१ जानेवारी, गुरुवार

शालनबाईला मुंबईची तारीख मिळाली, तेरा मार्च. ज्योतीरामने हट्ट करून गुरुवार मागून घेतला. आमच्या पट्ट्यात गुरुवारी कारखाने बंद, म्हणजे रक्त देणाऱ्यांची रजा बुडत नाही. तिचा गटही बी आहे. शस्त्रक्रियेत हृदयाचं काम करणाऱ्या यंत्राला ताजं रक्त लागतं, तेव्हा माणसं तिथे नेऊनच उभी करावी लागतात.

कोंडीरामच्या घरी बसून माणसं ठरवली. माझ्या वेळच्या आठांतले दोघं कमी झालेत. एक निवृत्त होऊन गावी गेला, एक आखाती देशात. नवे कोण, यावर चर्चा चालली. कोंडीराम मला म्हणाला, "सायबा, माझी बाटली परत करतोस का? आठ वर्षं वापरलीस."

सगळे हसले. मीही हसलो.

तिथे बसलेल्या बी गटाच्या माणसांत फक्त मीच देणार नाही. कुणी तसं बोललं नाही. बोलणारही नाही.

५ फेब्रुवारी, मंगळवार

आजपासून गोळी बंद केली.

विचार करूनच केली. औषध नसलं की रक्त इतरांसारखंच. अंगातून औषध उतरायला महिना पुरेल. रक्त दिलं की त्याच संध्याकाळपासून गोळी पुन्हा सुरू. आठ वर्षं झडप शरीरात मुरली आहे, महिन्याने काय होतं? डॉक्टर सगळ्यांना एकच सांगतात, कारण सगळेच हयगय करतात. मी आजवर कधी केली नाही.

सुभद्राला सांगितलं नाही. ती रोज जेवणानंतर गोळी हातावर ठेवते आणि पाणी देते. मी पाणी पितो. गोळी खिशात जाते, सकाळी कंपनीत टाकतो.

१६ फेब्रुवारी, शनिवार

खग्रास ग्रहण होतं. आपल्याकडे पूर्ण दिसणार नव्हतं, तरी कंपनीत निम्मे लोक आले नाहीत. दुपारी घरी सोडलं. पिंपरीच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. कोंडीरामच्या खिडक्यांना घोंगड्या लावलेल्या. मी खालून हाक मारली, "कोंडीराम, राहूने धरलं का रे तुला?" आतून आवाज आला, "घरी जा, मेल्या!"

आमच्या घरात ग्रहण पाळत नाहीत. छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून नाही. सुभद्राने मुद्दाम त्याच वेळी भाकऱ्या टाकल्या होत्या. ऊन पिवळं पडत गेलं. पक्षी गप्प झाले. तेवढ्यात दारात शालनबाई. एकटीच.

"एष्टी रिकामीच व्हती," ती म्हणाली. "सासू म्हनली, आज बाईमानसानं भायेर पडू नये, पोटातल्या पोराला बाधतं. मी म्हनलं, माज्या पोटात काय हाय म्हनून भ्यायचं?"

ती सुभद्राशी बोलायला आली होती. मी बाहेरच्या खोलीत पडलो. पडलं की हल्ली खोकला येतो, म्हणून उठून खुर्चीत बसलो. त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

"ताई, तुमची लेक आपरेशनच्या आदीची का नंतरची?"

"आधीची. आता सांगवीला दिली आहे."

"नंतर?"

"नंतर कशाला? ते बरे झाले हेच पुष्कळ होतं."

"मला झालं तर चालंल का?"

सुभद्राने परात सरकवली. मग म्हणाली, "बायकांच्या वॉर्डात एक बाई होती. तिला दिवस गेले. त्या गोळीने मूल नीट राहत नाही म्हणतात. आणि गोळी सोडली तर आई राहत नाही."

मग तव्यावर पुढची भाकरी पडली.

बायका मुद्दा सोडून भलतीकडे जातात. ऑपरेशनचं तिने एक अक्षर विचारलं नाही. जाताना तिने भाकरी मात्र खाल्ली, ग्रहण सुटायच्या आत.

२४ फेब्रुवारी, रविवार

एक चांगली गोष्ट झाली आहे. आवाज मंदावला. आधी वाटलं, कानाला सवय झाली असेल. पण तसं नाही. पूर्वी टेबलाला छाती टेकली की लाकडातून टक टक यायची. आता कापडात गुंडाळल्यासारखी येते. आठ वर्षांनी शरीराने तिला आपलं मानलं असावं.

बाकी बारीकसारीक कुरबुरी आहेत. बूट घट्ट होतात, सोल बदलताना चांभाराने आवळले असणार. खोकला आहे. फौंड्रीचा धूर या थंडीत खालीच बसतो. खुर्चीत बसूनच झोपतो, गादीत ढेकूण झालेत.

सुभद्राला ढेकूण दिसले नाहीत.

२ मार्च, रविवार

सुभद्राने भांडण काढलं. चहा देताना एकदम म्हणाली, "आवाज कुठे गेला?"

"कसला?"

"मला विचारता कसला? आठ वर्षं मी त्याच्यावर झोपते. तो चुकला की उठून बसते. आठवडा झाला, मला ऐकू येत नाही."

"तुझे कान गेले."

"मुलीकडे सांगवीला राहिले तर तिच्या भिंतीवरचं घड्याळ ऐकू येतं मला रात्रभर. कान गेले म्हणे!"

तिला डॉक्टरांकडे जायचं आहे. मी म्हटलं, तेरा तारीख होऊ दे. मुंबईला जाणारच आहोत, तिथेच दाखवू. ती म्हणाली, तुम्ही कशाला मुंबईला? मी म्हटलं, शालनबाईला धीर द्यायला. ती माझ्या पायांकडे बघत होती.

बाई थकली आहे. तिला मुलीकडे चार दिवस पाठवायला हवं.

६ मार्च, गुरुवार

ज्योतीराम आणि शालनबाई जायचं ठरवायला आले. मी खाली गेलो नाही, कोंडीरामला पाठवलं. बरं वाटत नव्हतं.

ती दारातच थांबली. दम सावरला आणि म्हणाली, "भाऊ, आज तुमचं वाजत न्हाई."

"तेच सांगणार होतो. आता शांत झालंय. तुमचंही होईल काही वर्षांनी."

ती हसली नाही. "पाय दावा."

"अहो, काय हे!"

"दावा म्हनते."

ती खाली बसली. माझ्या नडगीवर तिने अंगठा दाबला आणि काढला. खळगा तसाच राहिला. तिने आपलं लुगडं जरा वर करून स्वतःच्या पायावर दाबून दाखवलं. तसाच खळगा. दोन्ही पाय शेजारी शेजारी. कोंडीरामने तोंड फिरवलं.

"ताई," ती सुभद्राला म्हणाली, "ह्यांना आजच घिऊन जा."

७ मार्च, शुक्रवार

डॉक्टरांनी कानाला नळी लावली. हललेच नाहीत. मग अंधाऱ्या खोलीत क्ष-किरणांच्या पडद्यापुढे उभं केलं. पडद्यावर पिंजरा दिसत होता. चेंडू जागच्या जागी थरथरत होता, पूर्वी उडी मारायचा. आपल्या आतलं हे बघणं बरं नाही.

साका धरला आहे. झडप काढून दुसरी बसवायला हवी. लगेच.

"गोळी नियमित होती?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत सुभद्रा म्हणाली, "आठ वर्षांत एक दिवस चुकली नाही, डॉक्टर. मी स्वतः हातावर ठेवते. ताप असू दे, लग्नकार्य असू दे." तिचा आवाज चढला होता. इतक्या वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं.

मी सदऱ्याची बटणं लावली.

"मग दैव म्हणायचं," डॉक्टर म्हणाले. "काही झडपा अशा निघतात." त्यांनी मुंबईला फोन लावला. टेबल मिळेना. दोन-तीन आठवडे, असं तिकडून सांगत होते. डॉक्टर माझ्याकडे पाठ करून हळू आवाजात काहीतरी बोलले.

गोळी मी आज घरी आल्यावर घेतली. घशाला लागली.

९ मार्च, रविवार

शालनबाई येऊन गेली. बोलणं सरळ होतं, ते तसंच लिहितो.

"माजी तारीख तुमी घ्या. रगात एकाच गटाचं, मानसं तीच, बस तीच. कंपनीत पाळी बदलता न्हाई का? तसं समजा."

"आणि तुम्ही?"

"मला न्हाई करायचं."

ज्योतीराम तिथेच होता. प्रेसवर काम करणारा दणकट माणूस, त्याचा चेहरा बघवत नव्हता. "साहेबराव, सांगा हिला. डॉक्टर म्हनले, वरीसभर निगाला तर निगाला. तुमी सांगितलं तर ऐकंल."

"काय सांगतील?" ती म्हणाली. "आठ वरसं ह्या बाईनं गोळी चुकू दिली न्हाई. झोप इकून टाकली. आन झडप गेलीच ना? मला लेकरू न्हाई, झोप न्हाई, आन शेवटाला पुन्यांदा फाडायचं. त्यापरीस हाय ते बरं हाय. तुमी लई मानसांना सांगितलंत भाऊ, झ्याक असतं म्हनून. मी तुमाला बोल लावत न्हाई. तुमालाबी ठावं नव्हतं."

सुभद्रा भिंतीला टेकून उभी होती.

त्याच वेळी सांगायला हवं होतं, की झडप गेली नाही, मी घालवली. जिभेवर आलं होतं. पण मग सुभद्राच्या डोळ्यांकडे बघावं लागलं असतं. आणि शालनबाई विचारणारच, का घालवली. तिला रक्त द्यायला, हे तिच्या तोंडावर कसं सांगू? जन्मभर ते ओझं वागवील. मी पाणी मागितलं.

कोंडीरामने संध्याकाळी युनियनच्या माणसाकडून मुंबईला फोन करवला. नाव बदलायला त्यांची हरकत नाही.

११ मार्च, मंगळवार. मुंबई.

तीच इमारत. वॉर्ड वेगळा. पलंगांना नवा रंग दिला आहे. आमच्या वेळच्या सिस्टरबाई अजून आहेत, त्यांनी ओळखलं. मी विचारलं, अलिबागचे मास्तर हल्ली कोणत्या महिन्यात येतात? त्या म्हणाल्या, कोण मास्तर? मग आठवून म्हणाल्या, "अहो, ते पंचाहत्तरलाच गेले." बाकीच्या तिघांचं मी विचारलं नाही.

म्हणजे तारखा बदलल्या नव्हत्या. शालनबाईला हे जानेवारीतच समजलं होतं.

सुभद्रा चहाला गेली तेव्हा तपासायला आलेल्या तरुण डॉक्टरला सगळं सांगितलं. पाच फेब्रुवारीपासून गोळी बंद होती, असं. वाटलं, रागावेल. त्याने कागदावर एक ओळ लिहिली आणि रक्तदाब मोजला.

मी विचारलं, "घेतली असती तर?"

"तर तुम्ही आज इथे नसता," तो म्हणाला. "तुमची झडप उत्तम होती. अजून बरीच वर्षं चालली असती."

मी बरं म्हटलं. उत्तम होती, हे ऐकून आत कुठेतरी बरं वाटलं. तेवढ्यापुरतं. मग चाकणच्या पलीकडची ती आठवली. वरीसभर निगाला तर निगाला.

आज एवढंच.

१३ मार्च, गुरुवार. सकाळ.

स्ट्रेचर यायला वेळ आहे. तोवर लिहितो. पेन वॉर्डबॉयचं आहे, परत मागतोय.

काल पहिली पाळी करून बस निघाली आणि संध्याकाळी सगळे आले. रात्री कुणाच्या तरी चाळीत झोपले. आज उजाडताच एकेक जण रक्त देऊन माझ्या पलंगाशी येऊन गेला. कोपराच्या खाचेत कापूस, तोंडात हॉस्पिटलचं बिस्किट. कोंडीराम म्हणाला, "दुसरी बाटली झाली ही, सायबा. आता तुझ्या अंगात तुझं काय उरलं रे? रेशनकार्डावर माझं नाव लाव."

त्याच्या मागे शालनबाई उभी होती. मला वाटलं, भास झाला.

"बसमदी जागा व्हती," ती म्हणाली. "म्हनलं, बघून यावं."

ज्योतीरामच्याही हाताला कापूस होता. ती स्टुलावर बसली. पलंगाच्या त्या बाजूला सुभद्रा थर्मास घेऊन उभी होती. पुन्हा असे सगळे एका जागी भेटणार नाहीत, किंवा मी नसेन. म्हणून मी डोळे मिटून घेतले आणि बोललो.

"शालनबाई, झडप चांगली होती. मी गोळी बंद केली होती."

मी डोळे उघडले नाहीत.

"पाच फेब्रुवारीपासून. खिशात टाकायचो. डॉक्टर म्हणाले, घेतली असती तर अजून चालली असती. तुम्ही माझ्याकडे बघून ठरवू नका."

"इसरला?" तिने विचारलं.

"हो. विसरलो."

"ताई असताना?"

"औषध असलं की रक्त घेत नाहीत," एवढंच म्हणालो.

पहिल्यांदा कळलं ते कोंडीरामला. "अरे गाढवा," तो म्हणाला. त्याच्या तोंडातलं बिस्किट तसंच राहिलं. "अरे गाढवा, मी मस्करी केली होती रे. माझ्या तोंडाला आग लागो." तो खिडकीकडे गेला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. हाताचा कापूस खाली पडला होता. रक्ताचा बारीक ओघळ कोपरावरून खाली येत होता, त्याला पत्ता नव्हता.

मग शालनबाईला कळलं. मी डोळे उघडले, कारण ती स्टुलावरून उठल्याचा आवाज झाला.

"मी मागितलं व्हतं का?" ती म्हणाली. आवाज वॉर्डभर गेला. "मी आले व्हते का तुमच्या दारात, रगात द्या म्हनून? असलं येडं मानूस मी जल्मात पाह्यलं न्हाई. उद्या तुमी वर गेला तर लोक माज्या तोंडाकडं बघतील. ताई काय म्हनतील मला? लई शाने! लई दानशूर!" तिला धाप लागली. ज्योतीराम धरायला गेला, तिने त्याचा हात झटकला. सिस्टरबाई दारात येऊन बघून गेल्या.

"म्हणूनच सांगणार नव्हतो," मी म्हणालो.

"आन न सांगता मला मरू देनार व्हता?"

"नाही. म्हणूनच सांगितलं."

ती परत स्टुलावर बसली. श्वास जागेवर येईपर्यंत बसून राहिली. ओठ अगदी काळे झाले होते.

सुभद्राने थर्मास खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. टोपण घट्ट असतानाही पुन्हा पिळलं. माझ्याकडे तिने अजून पाहिलेलं नाही. आता हे लिहितो आहे, तरीही नाही.

शालनबाईने पदराने तोंड पुसलं. मग सुभद्राकडे वळली.

"ताई," ती म्हणाली, "ती गोळी जेवायच्या आदी असती का नंतर?"

ज्योतीरामने भिंतीला हात टेकला.

"नंतर," सुभद्रा म्हणाली. "पण नुसती हातावर ठेवून भागत नाही. तोंड उघडून बघायला सांग ज्योतीरामला. जिभेखालीसुद्धा."